चित्रप्रदर्शन पाहून कथा-कविता कशी लिहावी: दालनाच्या दारापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत

‘रंगांची मुक्त उधळण’, ‘चित्र जणू बोलू लागतं’, ‘कुंचल्यातून साकारलेलं भावविश्व’. प्रदर्शन पाहून आल्यावर आमच्या नाशिकच्या लेखन गटातले जे खर्डे माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत ही वाक्यं हमखास असतात. लिहिणारी माणसं कच्ची नाहीत. एरवी ती आपल्या आजीबद्दल, कंपनीतल्या रात्रपाळीबद्दल, द्राक्षबागेतल्या छाटणीबद्दल असं लिहितात की वाचताना थांबवत नाही. प्रदर्शनातून परतली की मात्र त्यांच्या हातून जे उतरतं, त्याची कथा होत नाही, कविता होत नाही आणि धड परीक्षणही होत नाही.

चुकतो तो क्रम. दालनात शिरल्याबरोबर मोबाइल निघतो, दहा-वीस फोटो होतात. मग चित्राशेजारची पट्टी वाचली जाते, मग चित्रकाराशी गप्पा, आणि रात्री घरी फोटो समोर ठेवून लिहायला बसणं. इथे डोळ्यांना काही काम उरतच नाही. खाली दिलेला क्रम जवळजवळ याच्या उलटा आहे. टप्पे गाळू नका आणि पुढे-मागे करू नका. पहिल्या वेळी सगळ्याला मिळून आठवडाभर लागेल.

## तयारी

प्रदर्शन निवडणं. कुसुमाग्रज स्मारकातलं छंदोमयी दालन आणि शालिमारला कालिदास कलामंदिराशेजारचं महात्मा फुले कलादालन, या दोन जागांवर लक्ष ठेवा. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर बातमी येतेच. पहिल्यांदा हा प्रयोग करत असाल तर एकाच चित्रकाराचं प्रदर्शन निवडा. समूह प्रदर्शनात दर चार पावलांवर हात बदलतो, शैली बदलते आणि डोळा थकतो. एकाच हाताची पंचवीस चित्रं पाहिली की त्या हाताच्या सवयी कळू लागतात: हा माणूस आकाश घाईत उरकतो, ही बाई कुणाचाच चेहरा पूर्ण काढत नाही. या सवयी पुढे लिहिताना उपयोगी पडतात.

दिवस आणि वेळ. उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका. दीपप्रज्वलन, भाषणं, हारतुरे आणि फोटो यांत चित्रासमोर दोन मिनिटंही एकटं उभं राहता येत नाही. आपल्याकडची बरीच प्रदर्शनं तीन ते सात दिवसांतच आटोपतात, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी गेलेलं उत्तम. तेव्हा गर्दी नसते आणि परत एकदा जायला दिवस शिल्लक राहतात. ही दुसरी फेरी या पद्धतीत अत्यावश्यक आहे. शेवटच्या दिवशी जाऊन हे जमणार नाही.

सोबत काय घ्यावं. बिनरेघी वही, दोन पेन्सिली, घड्याळ. पेन नको, चित्रांच्या जवळ उभं राहून लिहायचं असतं आणि शाईचा एक थेंबही कुणाचं महिन्याभराचं काम बिघडवू शकतो. चष्मा जवळचा आणि लांबचा असे दोन असतील तर दोन्ही घ्या. पिशवी, पाण्याची बाटली, ओली छत्री दाराशी ठेवा. खाऊन जा. दीड तास उभं राहायचं आहे.

> सावधान: दाराजवळच्या टेबलावर अभिप्राय वही असते. ती आत जाताना चाळू नका. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ हे शब्द एकदा डोक्यात शिरले की दिवसभर निघत नाहीत. आपला अभिप्राय जाताना अवश्य लिहा, चित्रकाराला त्याचं मोल असतं.

## टप्पा १: पहिली फेरी, वही बंद (१५ मिनिटं)

सगळं दालन एकदा फिरून या. कुठेही दोन मिनिटांहून जास्त थांबू नका, पट्ट्या वाचू नका, काही लिहू नका. फेरी संपली की भिंतीकडे पाठ करून उभे राहा आणि स्वतःला विचारा: कोणतं चित्र अजून डोळ्यांपुढे आहे?

सगळ्यात सुंदर चित्र निवडू नका. सुंदर चित्रासमोर आपण तृप्त होतो, आणि तृप्त माणसाला लिहायला काही उरत नाही. ज्याच्यात काहीतरी खटकलं, काहीतरी अर्धवट वाटलं, ज्याच्याकडे मान पुन्हा वळली, ते घ्या. आकारानं सगळ्यात मोठं आहे म्हणूनही घेऊ नका.

नाशिककरांसाठी इथे एक खास धोका आहे. आपल्याकडे गोदाघाटाची जलरंगातली निसर्गचित्रं पुष्कळ होतात. चित्रकार शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी घालून दिलेली ही वाट आजही वाहती आहे. त्यामुळे प्रदर्शनात शिरलं की ओळखीचं काही ना काही दिसतंच: हा रामकुंड, हा दुतोंड्या मारुती, हे नारोशंकराचं मंदिर. ओळख पटली की आपण पाहायचं थांबवतो आणि आठवायला लागतो. गोदावरीचा पूर किती चढला हे दुतोंड्या मारुतीवरून पाहायची आपली सवय, त्यामुळे तो दिसला की प्रत्येकाच्या खर्ड्यात पूर येतो, पाणी त्याच्या कमरेला लागतं, गळ्याला लागतं. चित्रात ऐन मे महिन्यातलं कोरडं ऊन असलं तरी! घाटाचं चित्र घ्यायला हरकत नाही, पण ते आपण कधीच न गेलेल्या गावाचं आहे असं समजून पाहता येईल का, याचा विचार करून घ्या. नाही जमत, तर अनोळखी चित्र घ्या.

> तपासा: चित्र निवडलंत? आता ‘यात मला काय कळलं नाही?’ या प्रश्नाला एक ओळीचं उत्तर देता येतं का पाहा. येत नसेल तर चित्र बदला.

## टप्पा २: एकच चित्र, तीन अंतरं (२० मिनिटं)

सगळ्यात जास्त गळती याच टप्प्यात होते. वीस मिनिटं फार वाटतात. पाचव्या मिनिटाला ‘पाहून झालं’ असं वाटेल. बाराव्या मिनिटाच्या आसपास दुसरं चित्र दिसू लागतं. तोवर घड्याळावर विश्वास ठेवा.

दहा फुटांवरून. इथून वस्तू पाहू नका, वजन पाहा. सगळ्यात गडद जागा कुठे आहे, सगळ्यात उजळ कुठे? डोळा पहिल्यांदा कुठे जातो आणि तिथून कुठे सरकतो? रिकामी जागा किती आहे? डोळे किलकिले करून पाहिलंत तर तपशील पुसले जातात आणि छाया-प्रकाशाची मांडणी तेवढी उरते. चित्रकार काम करताना हेच करत असतो.

हातभर अंतरावरून. हात मागे बांधून घ्या, बोट चित्राला लागता कामा नये. इथे चित्र कशाचं आहे हे विसरून ते कसं झालं ते पाहायचं. त्यासाठी माध्यमाबद्दल थोडं माहीत हवं.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा लावलेलाच नसतो. पांढरं दिसतं तो कोरा सोडलेला कागद असतो. म्हणजे चित्रकारानं आधीच ठरवलेलं असतं की इथे हात लावायचा नाही. कडा पाहा: ओल्या कागदावर रंग सोडला तर कड पसरून मऊ होते, कोरड्यावर लावला तर धारदार राहते. कोणती गोष्ट मऊ ठेवली आणि कोणती धारदार, यावरून चित्रकाराचं लक्ष कुठे होतं ते कळतं. पाण्यावरची चमक बहुधा जवळजवळ कोरड्या ब्रशच्या एका फटकाऱ्यात काढलेली असते. रंग खरखरीत कागदाच्या उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात. तो फटकारा चुकला तर पुसता येत नाही.

तैलरंगात याच्या उलट, चुकलेलं झाकता येतं. बाजूला जाऊन तिरकं पाहिलंत तर जाड रंगाच्या थराखाली जुन्या आकाराचे उंचवटे कधी कधी दिसतात. मुद्राचित्र, म्हणजे ठशावरून छापलेलं चित्र, असेल तर खालच्या कडेला पेन्सिलीनं ४/१५ असं काही लिहिलेलं आढळेल, म्हणजे पंधरा प्रतींपैकी ही चौथी. वारली चित्र असेल तर रेघ पाहा. पारंपरिक कामात तांदळाच्या पिठाचा पांढरा, गेरूची भिंत आणि टोक ठेचलेली बांबूची काडी एवढंच असतं. रेघ कुठे जाड झाली, कुठे पीठ संपत आलं, ते दिसतं.

हे सगळं कथेत घालायचं नाही. पण ‘कोरा सोडलेला कागद’ किंवा ‘झाकलेली चूक’ हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की गोष्टीला सांगाडा मिळतो. ‘रंगांची उधळण’ म्हणणाऱ्याला तो मिळत नाही.

बाजूनं आणि खालून. शेवटची तीन मिनिटं चारही कडांना द्या. कडेला काय कापलं गेलंय? अर्धी बैलगाडी, एक कोपर, झाडाची फक्त सावली? कथा पुष्कळदा तिथून सुरू होते.

## टप्पा ३: तीन रकाने (२५ मिनिटं)

आता वही उघडा. पान आडवं धरून तीन रकाने पाडा: दिसतं, वाटतं, माहीत नाही. पहिला रकाना पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिल्यात फक्त वस्तू, जागा, संख्या आणि क्रिया लिहायच्या. ‘उदास घाट’ चालणार नाही. ‘घाट, माणूस नाही’ चालेल.

माझ्या एका जुन्या वहीतलं पान देतो. चित्र जलरंगातलं, घाटाच्या पायऱ्यांचं.

*दिसतं:* पायऱ्या सात. मधल्या पायरीवर वाळत टाकलेली केशरी साडी. डाव्या टोकाला दोन दगड. उजव्या टोकाला दगड नाही. उजवा कोपरा वितभर उचललेला. काठाची पांढरी रेघ म्हणजे कोरा कागद. सावल्या आखूड. खालच्या पायरीपासून ओली पावलं वर येतात, तिसऱ्या पायरीवर संपतात. माणूस नाही.

*वाटतं:* कुणीतरी घाईत उठलंय. ऊन डोक्यावर. साडी महाग असावी.

*माहीत नाही:* उजव्या टोकाला दगड का नाही? पावलं कुणाची? साडी धुतली ती नेसायची म्हणून की द्यायची म्हणून?

पहिला रकाना लांब आहे, दुसरा आखूड. बहुतेकांचं उलटं होतं. दुसरा रकाना पहिल्याहून मोठा झाला तर समजा की तुम्ही चित्राकडे पाठ करून स्वतःकडे पाहताय. परत टप्पा २ वर जा.

> तपासा: दालनाबाहेर येऊन पहिला रकाना कुणाला तरी फोनवर वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला कागदावर ढोबळ आराखडा काढता आला पाहिजे. तो ‘साडी कुठल्या बाजूला?’ असं विचारत असेल तर नोंद अपुरी आहे. चित्र अजून आत आहे, जाऊन पाहून या.

## टप्पा ४: आता पट्टी, मग चित्रकार (१० मिनिटं)

शीर्षक, माध्यम, आकार उतरवून घ्या आणि चित्रकाराचं नाव अचूक, तो लिहितो तसंच. शीर्षक वाचून तुमची नोंद खोटी पडली तरी ती खोडू नका. तुम्हाला ‘वाट पाहणं’ दिसलं आणि शीर्षक ‘उत्सव’ निघालं, तर या दोहोंमधल्या दरीतून काहीतरी निघेल.

चित्रकार हजर असेल तर जरूर बोला, पण ‘यातून तुम्हाला काय सांगायचंय?’ हे विचारू नका. त्यानं उत्तर दिलं की तुमची गोष्ट संपली. पुढे तुम्ही त्याचं उत्तर सजवत बसाल. हे तीन प्रश्न विचारा:

- कुठे बसून काढलंत आणि किती वाजता?
- सगळ्यात शेवटी काय काढलंत?
- समोर होतं पण चित्रात घेतलं नाही, असं काय?

तिसरा प्रश्न सोनं आहे. साडीच्या चित्राचे चित्रकार म्हणाले, दोन प्लास्टिकच्या बादल्या होत्या आणि वरच्या पायरीशी एक दुचाकी उभी होती, ती वगळली. त्यांच्या दृष्टीनं ती चित्रात नकोच होती आणि ते बरोबरच आहे. मला मात्र कथेतली हाक त्या दुचाकीवरूनच ऐकू आली.

> सावधान: फोटो काढायचाच असेल तर परवानगी घेऊन आत्ता काढा, एकच. टप्पा ८ पर्यंत तो उघडायचा नाही. फोटोत केशरी वेगळा येतो, कागदाचा पोत जातो आणि मुख्य म्हणजे चित्राचा आकार जातो. बारा इंचांचं आणि पाच फुटांचं चित्र मोबाइलवर सारखंच दिसतं.

## टप्पा ५: आठवणीचं पान

त्याच रात्री वही न उघडता, वेगळ्या कागदावर चित्र आठवून एक पान लिहा. कथा नको, कविता नको, फक्त चित्र. मग झोपा. सकाळी हे पान आणि दालनातली नोंद शेजारी ठेवून फरक शोधा.

स्मरणशक्तीची परीक्षा घेणं हा यामागचा हेतू नाही. आठवणीनं जे बदललं तेच तुमचं स्वतःचं आहे, म्हणून ते शोधायचं. माझ्या पानावर मी लिहिलं होतं: ‘साडी वाऱ्यानं फडफडत होती.’ चित्रात फक्त एक कोपरा वितभर उचललेला होता. वारा मी घातला होता. कथेला चालना देणारी गोष्ट वाराच आहे, हे मला त्या सकाळी कळलं. पावलं मात्र आठवणीतून पार गेली होती. मला ती फार महत्त्वाची वाटत होती, आणि कथेत त्यांचं काहीच काम नाही हेही तिथेच स्पष्ट झालं.

आमच्या गटात हा टप्पा सर्रास टाळला जातो, ‘नोंद आहे ना’ म्हणून. नोंदीवरून थेट लिहिलेले खर्डे ओळखू येतात. त्यांत सगळं असतं, आणि काहीच पुढे-मागे झालेलं नसतं.

## टप्पा ६: दार निवडणं

चित्रातून गोष्टीत शिरायला एकच दार घ्या. दोन घेतलीत तर खर्डा मधोमध चिरतो.

आधी किंवा नंतर. चित्रातल्या क्षणाच्या दहा मिनिटं आधी काय घडलं? दहाच मिनिटं. दहा वर्षं मागे गेलात की चरित्र लिहायला लागाल.

चौकटीबाहेरचा माणूस. चित्रातले सगळे ज्या दिशेनं पाहताहेत तिथे कोण आहे? कडेला कापलेलं कोपर कुणाचं?

वस्तू. एकच वस्तू उचला आणि ती कुणाची, कुणाकडून आली, कुणाला परत करायची आहे, हे शोधा.

बांधणी. अमूर्त चित्रासाठी हे दार. तिथे ‘हा निळा म्हणजे दुःख’ असं भाषांतर करत बसू नका. चित्र कसं रचलंय ते घ्या. एकच आकार अकरा वेळा आला आणि बाराव्या जागी मोकळं सोडलं असेल, तर अकरा कडव्यांत एक ओळ परत येऊ द्या आणि बाराव्यात ती गाळा. गच्च भरलेल्या डाव्या बाजूसाठी स्वल्पविराम नसलेलं लांब वाक्य, मोकळ्या उजव्या बाजूसाठी दोन शब्द. वाचकानं ते चित्र पाहिलेलं नसतं, तरी त्याचा श्वास त्या चित्राप्रमाणे चालतो.

वारली चित्राबद्दल थोडं सविस्तर. पेठ, सुरगाणा हे वारली वस्तीचे तालुके आपल्याच जिल्ह्यात आहेत, तरी शहरात बसून लिहिलेल्या खर्ड्यांत ‘साधंभोळं आदिवासी जीवन’ याच्या पुढे कुणी जात नाही. वारली चित्रात पेरणी, शिकार, लग्न, नाच हे एकाच भिंतीवर एकाच वेळी चाललेलं असतं. जवळचं मोठं आणि लांबचं लहान असा नियम तिथे नाही. हीच रचना कथेला द्या: एका गावातल्या सहा जणांची एकच दुपार, कुणालाही नायक न करता. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच असेल तर वादक मध्ये आणि साखळी त्याच्याभोवती फिरत राहते. गोष्टही तशीच एका आवाजाभोवती फिरवता येते. आणि लग्नाच्या चौकातली पालघट देवी ही शोभेची नक्षी नाही, तो विधी आहे. त्याबद्दल लिहायचं तर आधी एखाद्या वारली जाणकाराकडून समजून घ्या.

> सावधान: मनात आलेली पहिली कल्पना कागदावर उतरवा आणि बाजूला ठेवा. घाटाच्या चित्राला पहिली कल्पना नव्वद टक्के वेळा मृत्यूची सुचते: अस्थी, तेरावा, बुडालेला मुलगा. माझीही तीच होती. तीनेक कल्पना येऊ द्या, मग निवडा.

साडीच्या चित्राला मी तिसऱ्या रकान्यातला पहिला प्रश्न धरून बसलो: उजव्या टोकाला दगड का नाही? चौथ्या दिवशी भाजी आणायला जाताना उत्तर मिळालं. दुसऱ्या टोकावर ती स्वतः बसली होती.

## टप्पा ७: पहिला खर्डा, पाच शब्द वर्ज्य

चित्र, चित्रकार, रंग, कुंचला, कॅनव्हास. पहिल्या खर्ड्यात हे पाच शब्द वापरायचे नाहीत. ‘जणू’ शक्यतो टाळा. एका बैठकीत दोन-तीन पानं लिहा आणि थांबा.

फरक कळावा म्हणून दोन नमुने. पहिला, सहसा लिहिला जातो तसा:

*‘घाटाच्या पायऱ्यांवर पसरलेली ती केशरी साडी जणू त्यागाचं प्रतीक होती. चित्रकारानं रंगांतून स्त्रीच्या मूक वेदनेला शब्द दिले होते. मी भारावून पाहतच राहिलो.’*

दुसरा, वरच्या टप्प्यांतून आलेला:

*‘साडीच्या एका टोकावर इंदूनं दोन दगड ठेवले आणि दुसऱ्या टोकावर ती स्वतः बसली. तिसरा दगड आणायला उठावं तर वारा साडी पाण्यात नेणार. हळदीचा डाग गेला होता, निदान ओल्यात तरी दिसत नव्हता. वाळल्यावर कळणार. साडी जाऊबाईंची होती आणि जाऊबाईंना ती दिल्याचं ठाऊक नव्हतं. वर दुचाकी थांबली. “इंदे, आहेस का गं?” आवाज जाऊबाईंचाच.’*

पहिल्या नमुन्यात लिहिणारा सतत मध्ये उभा आहे आणि वाचकाला त्याच्या खांद्यावरून पाहावं लागतं. दुसऱ्यात केशरी हा शब्दसुद्धा आलेला नाही. दगड चित्रातले, वारा आठवणीतला, दुचाकी चित्रकारानं वगळलेली, जाऊबाई माझ्या. एवढ्या जागांहून माल आल्यावरच खर्डा स्वतःच्या पायावर उभा राहतो.

कविता लिहिणाऱ्यांनी इथे थोडा वेगळा विचार करावा. कवितेत चित्राकडे पाहणारा ‘मी’ येऊ शकतो, पण त्याला काहीतरी काम असलं पाहिजे: तो काहीतरी शोधतोय, काहीतरी टाळतोय. नुसता भारावलेला ‘मी’ काढून टाका आणि कविता परत वाचा. बहुतेक वेळा ती आहे तशीच उभी राहते.

## टप्पा ८: दुसरी फेरी आणि दुरुस्ती

प्रदर्शन संपण्याआधी खर्डा घेऊन परत जा. ते आटोपलं असेल तर फोटो आता उघडा. चित्रासमोर उभे राहून खर्डा मनात वाचा आणि दोन गोष्टी पाहा.

पहिली: चित्रात असलेलं, पण तुमच्या नजरेतून सुटलेलं काही आहे का? मला दुसऱ्या फेरीत दिसलं की साडीवरच्या दोन दगडांपैकी एक ओला होता. म्हणजे तो पाण्यातून काढून आणलेला. इंदूनं गुडघाभर पाण्यात उतरून तो आणला, हे एक वाक्य त्यातून मिळालं.

दुसरी: खर्ड्यात असं काही आहे का, जे फक्त चित्रात आहे म्हणूनच ठेवलंय? ते काढा. सात पायऱ्या, आखूड सावल्या, मागचं मंदिर. कष्टानं टिपलेलं असतं, काढवत नाही. पण वाचकाला त्या सात पायऱ्यांचं काही करायचं नसेल तर त्या वहीतच राहू द्या. इथे माझा हात नेहमी अडखळतो आणि म्हणूनच मी हे काम दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवताना करतो: ऐकणारा जिथे हलतो, खुर्चीत सरकतो, तिथे पेन्सिलीनं खूण करायची.

> तपासा: प्रदर्शन न पाहिलेल्या माणसाला खर्डा वाचायला द्या आणि चित्राचा उल्लेखही करू नका. ‘हे कशावरून लिहिलंस?’ असा प्रश्न आला नाही तर खर्डा तयार आहे. ‘फोटो आहे का, बघू’ असं तो म्हणाला तर परत टप्पा ७.

## टप्पा ९: श्रेय आणि परवानगी

चित्र पाहून स्वतःच्या शब्दांत नवी कथा लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र कथेसोबत चित्राचा फोटो छापायचा असेल, दिवाळी अंकात असो की स्वतःच्या पानावर, तर चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. चित्र विकलं गेलं तरी हा हक्क आपोआप घेणाऱ्याकडे जात नाही, त्यामुळे चित्राच्या मालकानं ‘छापा की’ म्हटलं तरी ते पुरेसं नाही. परवानगीचा निरोप मोबाइलवर आला असेल तर तो जपून ठेवा.

फोटो नसला तरी कथेखाली एक ओळ द्यावी, असं माझं ठाम मत आहे: चित्रकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, कुठे आणि कधी पाहिलं. ही ओळ कथेच्या शेवटी द्या. वर दिलीत तर वाचक कथाभर चित्र शोधत बसतो.

## प्रदर्शन नसेल तेव्हा

पावसाळ्यात किंवा परीक्षांच्या दिवसांत दालनं रिकामी असतील तर हेच टप्पे शिल्पांवर चालतात. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर किंवा नाशिकजवळची पांडवलेणी. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात बाहेरच्या बाजूला खाली सहा धिप्पाड आकृती कोरलेल्या आहेत, कमरेपर्यंत जमिनीत गाडल्यासारख्या, आणि अख्ख्या ओसरीचा भार वाहणाऱ्या तुळया त्यांच्या खांद्यांवर आहेत. तिथे पट्टी नाही, चित्रकार नाही, म्हणून टप्पा ४ गाळावा लागेल. माहितीफलक असेल तर तो तीन रकाने भरून झाल्यावरच वाचा. सकाळी लवकर जा, बसायला एखादी चटई न्या आणि सहांपैकी एकच आकृती निवडा. त्या सगळ्या सारख्या आहेत असं दहा फुटांवरून वाटेल. हातभर अंतरावर गेलात की तसं वाटणार नाही.